रुळाच्या डोक्यापासून मोजा

मॉडेल रेल्वेची गाडी तुटते ती बहुतेक वेळा ठरलेल्या जागी. चढ सुरू होतो तिथे, रुळांचा जोड जरा खचलेला असतो तिथे, किंवा सांध्यावरून शेजारच्या लाइनीवर जाताना. इंजिन पुढचे तीन-चार डबे घेऊन निघून जातं आणि मागची गाडी आहे तिथेच उभी राहते. बघणारा लगेच निदान करतो, कपलिंग खराब आहे. मग कपलिंग बदललं जातं, नव्याखाली कागदाची घडी सारली जाते, वर फेविक्विकचा थेंब पडतो. पुढच्या फेरीला गाडी त्याच जागी पुन्हा तुटते.

तुटणारच. कारण अशा वेळी कपलिंग बहुधा निर्दोष असतं. दोष असतो डब्याच्या उंचीत. एक डबा रुळापासून हवा तेवढ्या उंचीवर आहे, शेजारचा जरा खाली बसलाय किंवा एका टोकाला कललाय. सपाट रुळावर दोन हुक एकमेकांना कसेबसे धरून असतात. रूळ जरा वरखाली झाला की एक हुक दुसऱ्याच्या खालून किंवा वरून निसटतो. या छंदात पडलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: हुकाला हात लावायच्या आधी डबा मोजा, आणि तो रुळाच्या डोक्यापासून मोजा. टेबलापासून नको, लाकडी पाट्यापासून नको, स्लीपरपासूनही नको. चाक टेकतं ती रुळाची वरची कड हाच आपला शून्य.

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणायची सवय आहे. या लेखात मात्र बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची स्वतंत्र चौकट. प्रत्येक डब्याखाली अशा दोन असतात आणि डबा त्यांच्यावर नुसता बसलेला असतो. उंचीचा सगळा हिशेब या बसण्यात आहे.

आधी खऱ्या गाडीकडे जाऊ. भारतीय ब्रॉडगेजवर बफरचा, म्हणजे डब्याच्या टोकाला कपलिंगच्याच पातळीवर असलेल्या धक्का झेलणाऱ्या दांड्याचा, मध्य रुळाच्या डोक्यापासून जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर उंच असावा लागतो, तोही डबा रिकामा असताना. भरलेल्या डब्यात तो १०३० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. अनेक टनांचा डबा, त्यात माणसं, सामान, पाण्याच्या टाक्या, झिजणारी चाकं आणि बसत जाणाऱ्या स्प्रिंगा. एवढ्या सगळ्याला मिळून सूट फक्त ७५ मिलिमीटरची. आता हेच माप एचओमध्ये आणा, म्हणजे एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात. जगभर सर्वांत जास्त मॉडेल गाड्या याच मापात बनतात. ७५ मिलिमीटरचे होतात ०.८६ मिलिमीटर. जुनं एटीएम कार्ड हातात घेऊन त्याची कड पाहा. ती ०.७६ मिलिमीटर जाड असते. खरी रेल्वे तिच्या सगळ्या भाराला जेवढी सूट देते, ती मॉडेलमध्ये जेमतेम या कार्डाच्या जाडीएवढी उरते. इथे डोळ्याच्या अंदाजाने भागत नाही ते यामुळेच.

लोअर परळच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना मॉडेलच्या गाड्यांचं वेड नाही, पण डबा हातात आला की तो उलटा करून बघितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या टेबलावरचा एक कुरकुरणारा डबा त्यांनी असाच उलटा केला. हुकाकडे पाहिलंही नाही. अंगठ्याने एकेक चाक फिरवलं, बोगी दोन्ही बाजूंना हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘अहो, आधी चाकं, मग स्प्रिंगा, मग बोगी. बफर सगळ्यात शेवटी.’’ खऱ्या डब्याची उंची याच क्रमाने दुरुस्त होते. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीच्या डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं असतं. ते धावून झिजतं, त्याचा घाट पुन्हा नीट करण्यासाठी लेथवर चढतं, प्रत्येक वेळी थोडं लहान होतं आणि सव्वाआठशेच्या आसपास आलं की बाद होतं. व्यास नव्वद मिलिमीटरने घटला की डबा त्याच्या निम्म्याने, म्हणजे पंचेचाळीस मिलिमीटरने खाली येतो. तेव्हा कारखान्यात बफर उचलून बसवत नाहीत. चाकाजवळच्या स्प्रिंगच्या बैठकीखाली योग्य जाडीची पॅकिंग रिंग घालतात, की अख्खा डबा वर येतो आणि त्याच्याबरोबर बफरही आपल्या जागी येतो. मॉडेलवाला बोगी आणि डबा यांच्यामध्ये वॉशर घालतो तेव्हा तो नेमकं हेच काम करत असतो.

हा क्रम चुकला की काय होतं, हे त्याच डब्यात दिसलं. निळ्या रंगाचा स्लीपर क्लासचा डबा, दुसऱ्या हौशी माणसाकडून आलेला. एका टोकाला तो सारखा तुटायचा. त्या टोकाच्या कपलिंगच्या पेटीत आधीच्या मालकाने पातळ प्लास्टिकची पट्टी कोंबून हुक वर उचललेला होता. वरवर पाहता उपाय बरोबर. मोजलं तर हुकाची उंची जवळपास ठीक येत होती. पण पट्टी एकाच बाजूने घातल्यामुळे पेटी तिरकी झाली होती आणि हुकाचं तोंड आकाशाकडे वळलं होतं. ओढ लागली की तो शेजारच्या हुकावरून वर सरकायचा. पट्टी काढली आणि डबा काचेवर ठेवला. आरशाच्या काचेचा जाड तुकडा यासाठी उत्तम, त्याच्याइतकी सपाट वस्तू घरात दुसरी नसते. त्यावर रुळाचा सरळ तुकडा ठेवून डब्याच्या चारही कोपऱ्यांची उंची घेतली. त्या टोकाचे दोन्ही कोपरे दुसऱ्या टोकापेक्षा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खाली होते. मग चाकं काढली. बोटांना आठही सारखी लागत होती. व्हर्नियरवर मात्र एका बोगीची चाकं १०.५ मिलिमीटरची आणि दुसरीची ९.६ ची निघाली.

ही दोन मापं अमेरिकेतून आलेली आहेत. तिथल्या प्रवासी डब्याचं चाक ३६ इंची आणि मालडब्याचं ३३ इंची धरतात. एचओमध्ये त्यांचे होतात १०.५ आणि ९.६. बाजारात दोन्ही मिळतात, रंग एकच, चमक एकच. आपल्या डब्याचं ९१५ मिलिमीटरचं चाक म्हणजे ३६ इंचच, म्हणून आपल्या प्रवासी डब्याला १०.५ चंच चाक हवं. व्यासातल्या नऊ दशांश मिलिमीटरच्या फरकाने डबा त्या टोकाला साडेचार दशांशाने बसला होता, आणि तेवढं भरून काढण्यासाठी कोणीतरी हुक वाकडा केला होता. चारही लहान चाकं बदलली, पेटी सरळ बसवली. नवं कपलिंग लागलं नाही.

आता हुकाकडे यायला हरकत नाही. आज हौशी माणसांच्या टेबलावर जी तऱ्हा सर्वांत जास्त विश्वासाची मानली जाते, ती खऱ्या रेल्वेच्या मिटल्या मुठीसारख्या कपलिंगवरून आलेली आहे. अमेरिकेत ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये त्या कपलिंगचं पेटंट घेतलं. तोवर दोन डबे जोडताना माणसाला त्यांच्या मध्ये उभं राहून कडी आणि खीळ अडकवावी लागे. त्यात कित्येकांची बोटं, हात आणि जीव गेले. १८९३ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपोआप जोडली जाणारी कपलिंग बंधनकारक केली. आपल्याकडे जर्मन बनावटीवरून आलेल्या एलएचबी डब्यांना दिसतं ते मध्यभागी असलेलं कपलिंग याच कुळातलं. मॉडेलमध्ये हे तंत्र आणलं ओरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव झालं केडी. त्यांच्या कपलिंगला खाली लोंबणारी पोलादी तार असते. रुळांमध्ये बसवलेलं चुंबक ती तार बाजूला ओढतं आणि मूठ उघडते. हाताने डबे सोडवायची गरज राहत नाही.

केडीच्या कपलिंगचा मध्य रुळाच्या डोक्यापासून इंचाचे पंचवीस चौसष्टांश, म्हणजे ९.९ मिलिमीटरवर असावा लागतो. हे तपासायला त्यांचा एक छोटा धातूचा गेज मिळतो. तो रुळावर ठेवायचा, डबा त्याच्याशी नेऊन भिडवायचा. दोन मुठी समोरासमोर आल्या तर ठीक, नाही तर कोण वर कोण खाली ते तिथल्या तिथे दिसतं. खालच्या तारेला रुळाच्या वर किती मोकळीक हवी, तेही त्याच गेजवर कळतं. ही तार फार खाली लोंबली तर सांध्याच्या मधल्या टोकाला किंवा फाटकातल्या फळीला अडकते आणि चांगला चालणारा डबा रुळावरून उतरतो. चिमट्याने तिचा बाक हलकेच वर घ्यायचा, पण कपलिंग पेटीतून काढून. जागेवरच वाकवली तर मूठ ढिली होऊ शकते.

उंची चुकलेली आढळली की एक प्रश्न आधी विचारावा. डबाच चुकीच्या उंचीवर आहे, की डबा ठीक आहे आणि फक्त हुक चुकलाय? यासाठी कारखान्यातून आल्यापासून कोणीही न छेडलेला, चांगला चालणारा एक डबा शेजारी उभा करावा आणि दोघांच्या छपराची कड, खिडक्यांची खालची रेघ आणि डब्याच्या तळाची कड एका पातळीत येते का पाहावं. खिडक्यांच्या रेघाच जुळत नसतील तर दोष खाली आहे, बोगीत किंवा चाकांत. अशा वेळी फक्त हुक उचलला तर गाडी जोडली जाईल, पण छपरं पायऱ्यांसारखी दिसतील आणि पुढे कधीतरी कोणीतरी तो डबा पुन्हा उलटा करेल. रेघा जुळत असतील आणि गेजवर हुक चुकत असेल, तर मात्र डब्याला हात लावू नये. हुकाची पेटी आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये पातळ पट्टी घालून हुक खाली आणता येतो; किंवा ज्याची दांडी वर गेलेली अथवा खाली आलेली आहे असं कपलिंग बसवून तो हवा तसा वर-खाली करता येतो. केडीकडे या तिन्ही ठेवणी मिळतात: सरळ, वर गेलेली आणि खाली आलेली.

डबा खाली बसला असेल तर वॉशर. फायबरचे पातळ वॉशर पाव मिलिमीटरपासून मिळतात. ते न मिळाले तर जुन्या एटीएम कार्डातून कापलेली चकती चालते, आणि आणखी पातळ हवी असेल तर पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता. चकतीचं भोक बोगी जिच्याभोवती फिरते त्या खिळीला घट्ट बसेल एवढंच असावं आणि चकती रुंद असावी. अरुंद वॉशरवर डबा डुलतो. डबा उंच असेल तर बोगीची बैठक घासून खाली आणावी लागते, आणि इथे घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून बैठक त्यावर दोन-चारदा फिरवायची, पुसायची, बसवायची, मोजायची. घासलेलं परत येत नाही. शिवाय डबा खाली आला की चाकांच्या कडा तळाला घासू लागतात. सरळ रुळावर हे कळत नाही, वळणावर बोगी फिरली की कळतं. तळाला काळी चकचकीत कमान उमटलेली दिसली तर ती चाकाची खूण समजावी.

बोगीचा स्क्रू हा या सगळ्यातला दुर्लक्षित भाग. दोन्ही स्क्रू घट्ट आवळले तर डबा आणि बोग्या मिळून एक कडक फळी होते आणि रुळाच्या प्रत्येक उंचवट्यावर एक चाक अधांतरी राहतं. दोन्ही सैल सोडले तर डबा दोन्ही टोकांना लोळतो आणि हुकांची उंची दर फेरीला वेगळी येते. नियम जुना आणि पक्का आहे: एक बोगी अशी आवळायची की ती फिरेल पण डुलणार नाही, दुसरी थोडी सैल, की ती डुलूही शकेल. मग डबा तीन टेकूंवर उभा राहतो, आणि तीन टेकूंवरची कोणतीही वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही.

वजनाचाही संबंध आहे. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ पासून या छंदाची मानकं ठरवते. एचओ डब्यासाठी तिची शिफारस एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस अशी आहे. आपला साडेबावीस मीटरच्या आतला डबा एचओमध्ये साधारण दहा इंचांचा होतो; त्याला सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅम हवेत. बाजारातले प्लास्टिकचे अनेक डबे याहून हलके असतात. हलका डबा जोडावर उडतो, उडाला की हुक निसटतो. लांब गाडीत पुढे लावला तर मागच्यांच्या ओढीने वळणात आतल्या बाजूला आडवा होतो. लोखंडी नट किंवा पट्ट्या तळाशी, दोन्ही बोग्यांच्या वर सारख्या वाटून चिकटवाव्यात. मासेमारीची शिशाची वजनंही वापरतात, पण शिसं घासू नये आणि हात धुवावेत. घरात लहान मुलं असतील तर लोखंडच बरं.

भारतीय डबे बनवणाऱ्याला आणखी एका अडचणीला तोंड द्यावं लागतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओमध्ये ते १९.२ मिलिमीटर व्हायला हवं. पण जगभर मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेतल्या गेजवरून काढलाय. म्हणजे आपला सव्वातीन मीटर रुंद डबा, मॉडेलमध्ये ३७ मिलिमीटरचा, त्याच्या हक्काच्या पायापेक्षा अरुंद रुळावर उभा राहतो. परदेशी डब्यापेक्षा त्याला कलायला सोपं जातं. म्हणून वजन खिडक्यांच्या खाली ठेवायचं, छपराला काही चिकटवायचं नाही, आणि बोगीवरचा वॉशर जेवढा रुंद बसेल तेवढा बसवायचा.

दुसरी गोची हुकाच्या उंचीची. ११०५ आणि १०३० मिलिमीटर एचओमध्ये १२.७ आणि ११.८ होतात, केडीचं मानक ९.९. म्हणजे डबा प्रमाणात अचूक बनवला तर प्रमाणातलं कपलिंग केडीचं मानक पाळणाऱ्या आयात इंजिनच्या हुकापेक्षा जवळपास दोन ते तीन मिलिमीटर वर येतं. यावर हौशी मंडळींत खूप वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे. घरातल्या गाड्या कधीतरी दुसऱ्याच्या लेआउटवर धावणार असतील, किंवा इंजिन परदेशी असेल, तर ९.९ धरा, डब्याच्या तळाखाली ठोकळा चिकटवून त्याला पेटी लावा आणि समोरून दिसणारा फरक मान्य करा. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत सगळं तुम्हीच बनवणार असाल, तर साडेबारा धरायला हरकत नाही. पण मधला मार्ग काढू नका. अर्धे डबे एका उंचीचे, अर्धे दुसऱ्या, आणि दोन टोकांना दोन तऱ्हेचे हुक असलेला एक जोडडबा, असला कारभार टिकत नाही. जोडडबा कुठे लावायचा होता हे कोणालाच आठवत नाही.

रुळाकडेही बघायला हवं, कारण डबे निर्दोष असूनही गाडी तुटू शकते. चढ जिथे एकदम सुरू होतो तिथे काय होतं, याचा हिशेब मांडता येतो. बोगीच्या पुढे डब्याचं टोक चार सेंटिमीटर बाहेर येतं असं धरा. चढ तीन टक्क्यांचा, बोरघाटातल्या सदतीसास एकपेक्षा किंचित तीव्र. सपाटीवरचा डबा आडवा, पुढचा चढाला लागलेला. दोन हुकांच्या उंचीत १.२ मिलिमीटरचा फरक पडतो. त्यात डब्याची स्वतःची अर्ध्या मिलिमीटरची चूक मिळवली की हुक सुटायला दुसरं कारण लागत नाही. चढाची सुरुवात आणि शेवट दोन्ही ठिकाणी रुळाला एका डब्याच्या लांबीभर तरी हळूहळू वळू द्यावं.

वळणांचं दुखणं वेगळं. खेळण्याच्या संचात येणारी वळणं फार घट्ट असतात. ब्रिटिश संचांमधल्या दुसऱ्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर. अनुभवाचा नियम असा की त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी. आपल्या डब्याला पाऊण मीटरच्या पुढे हवी, एलएचबीला ८०० मिलिमीटरच्या पुढे. एवढी जागा आपल्या फ्लॅटमध्ये कुठून आणायची? म्हणून संचातल्या डब्यांचे हुक डब्याला नव्हे, बोगीला लावलेले असतात. बोगी फिरली की हुकही फिरतो. दिसायला ते वाईट, डब्यांमधली फट मोठी, आणि मागे ढकलताना बोगी तिरकी होऊन उतरते. पण घट्ट वळणावर चालतं. युरोपातल्या बनावटीने यावर चांगला तोडगा काढला: हुकाचा खिसा तळातल्या सरकत्या खोबणीत बसवला, तो वळणावर बाहेर सरकतो आणि सरळ रुळावर पुन्हा आत येतो, त्यामुळे डबे एकमेकांना जवळजवळ चिकटून धावतात. ही यंत्रणा असलेल्या डब्याला वॉशर घालताना खोबण अडकत नाही ना, हे बोटाने हुक दोन्हीकडे ढकलून पाहावं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा दिवे आणि पूल पाहून झाल्यावर गाड्यांच्या छपरांकडे जरूर पाहा. प्रेक्षकांसमोर चालणाऱ्या गाडीत एकही डबा सुटून चालत नाही, आणि ते हुकांनी नव्हे, एका रेघेत राहणाऱ्या डब्यांनी साधतं.

शेवटी एक विनंती. खऱ्या डब्याच्या टोकाच्या भिंतीवर तो कारखान्यात कधी दुरुस्त झाला आणि परत कधी यायचा आहे, या तारखा रंगवलेल्या असतात. आपणही डबा उलटा करून तळावर पेन्सिलीने लिहून ठेवावं: तारीख, चाकांचा व्यास, दोन्ही टोकांच्या हुकांची उंची आणि घातलेल्या वॉशरची जाडी. या छंदातले डबे एका माणसाकडे फार काळ राहत नाहीत. पुढे ज्याच्या हातात तो जाईल, त्याला मोजमाप पहिल्यापासून करावं लागू नये.